ट्राय-अँगची जुनी जिंटी : मोटर बदलावी की दुरुस्त करावी?

मंजिरी_लेस्टर

सर्वांना नमस्कार. माझे काका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणून इंग्लंडमध्ये आले आणि येथेच स्थायिक झाले. त्यांचे घर आवरताना माळ्यावर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले खेळण्यातल्या विजेच्या रेल्वेचे काळे टँक इंजिन मिळाले. त्याच्या बाजूवर ४७६०६ हा क्रमांक आहे, खालच्या बाजूला ट्राय-अँग असे उठावदार अक्षरांत लिहिलेले आहे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन चाके असून पुढे-मागे डबा जोडण्यासाठी वाकड्या तारेची कडी आहे. डब्यातच तपकिरी रंगाचा एक जड ट्रान्सफॉर्मरही होता. माझ्या चुलत भावासाठी काकांनी हे सारे विकत घेतले होते आणि तो मोठा झाल्यावर कोणी त्याला हात लावला नसावा.

माझ्या मुलाकडे हॉर्नबीचे आजच्या काळातले रूळ आणि साधा कंट्रोलर आहे, त्यावर हे इंजिन ठेवून पाहिले. ते कधी चालू होते, कधी होत नाही. बोटाने किंचित ढकलले की धावते, परंतु वेग कमी केला की पुन्हा एखाद्या ठरावीक जागी अडकल्यासारखे थांबते. कॅबच्या मागून पाहिले तर मोटरजवळ निळसर ठिणग्या दिसतात, आणि तीन-चार मिनिटांत बॉडीला हात लावला तर ऊब जाणवते. सांध्यांवरून, म्हणजे रूळ फुटतात त्या जागांवरून, जाताना चाके टक् टक् आपटतात, एकदा तर इंजिन रुळावरून उतरलेही.

येथील एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी पाच मिनिटे पाहून 'आर्मेचर (मोटरचा तारांची वेटोळी असलेला फिरता भाग) जळाले आहे, पूर्ण मोटरच बदला' असे सांगितले आणि नव्या मोटरसह जो आकडा सांगितला, तो याच जातीच्या चालू स्थितीतील दुसऱ्या इंजिनाच्या किमतीपेक्षा अधिक होता. मुलाची इतर इंजिने डिजिटल, म्हणजे रुळांतून जाणाऱ्या आज्ञांवर चालणारी, आहेत, त्यामुळे हेही डिजिटल करावे असे त्याला वाटते. काकांचे मूळ इंजिन शक्य तितके तसेच राहावे असे मला वाटते. मोटर खरोखर बदलावी लागेल का, आणि डिजिटल करताना मूळ भाग राखता येतील का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. जुना ट्रान्सफॉर्मर लावून पाहावा का, हेही सांगावे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरात आहे, परंतु माझा हात त्यात सराईत नाही.

रूळकरी

मंजिरीताई, प्रथम ट्रान्सफॉर्मरबद्दल सांगतो, कारण त्यात धोका आहे. तो भिंतीच्या सॉकेटला लावू नका. त्या काळच्या वायरींचे रबर आणि कापडी आवरण साठ वर्षांत कडक होऊन तडकते आणि आत २३० व्होल्टची उघडी तार पत्र्याच्या पेटीला टेकू शकते. शिवाय अनेक जुन्या कंट्रोलरांमध्ये एसीचे डीसी करणारे सेलेनियमचे रेक्टिफायर असत, ते जळले तर अत्यंत घाणेरडा आणि विषारी धूर सोडतात. पेटी शोभेसाठी ठेवा. तुमच्याकडील नवा कंट्रोलर १२ व्होल्ट डीसी देतो आणि या इंजिनाला तेच हवे आहे.

आपल्याकडे आलेले इंजिन ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीच्या आर ५२ या क्रमांकाचे, 'जिंटी' नावाचे आहे. रोव्हेक्स ही मूळ कंपनी लाइन्स ब्रदर्सने घेतली, १९५४ मध्ये कारखाना केंटमधील मार्गेट येथे गेला, आणि जिंटी त्याच्या थोडी आधीची, १९५३ ची. खरी जिंटी म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेची शंटिंगची टँक इंजिने, त्यांपैकी ४२२ इंजिने १९२४ ते १९३१ दरम्यान बांधली गेली. राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने त्या कंपनीच्या इंजिनांच्या क्रमांकात ४०,००० मिळवले, म्हणून ७६०६ चे ४७६०६ झाले. वाकड्या तारेची जी कडी आपण म्हणता, ती टेन्शन-लॉक जातीची असेल तर आपले इंजिन १९५० च्या दशकाच्या अखेरीनंतरचे आहे, म्हणजे काकांनी ते बहुधा नवेच घेतले असणार.

आता मोटर. हिला एक्स ०४ म्हणतात. उघड्या चौकटीची, तीन ध्रुवांची, एका बाजूला चुंबक असलेली ही मोटर. घरातल्या मिक्सरच्या मोटरसारखेच हिच्यातही ब्रश, म्हणजे कार्बनचे छोटे तुकडे असतात, मिक्सरमधले कार्बन झिजले की आपण जसे बदलतो तसेच इथेही बदलता येतात. ही मोटर 'जळाली' असे पाहूनच सांगणारे लोक बहुतेक वेळा तिच्या वेटोळ्यांचा काळसर रंग पाहून तसे म्हणतात. तो रंग पुष्कळदा तेल आणि कार्बनच्या भुकटीचा असतो. मोजल्याशिवाय तिला मृत ठरवू नये.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण नीट समजून घ्या. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागावर, तांब्याच्या तीन पट्ट्या आहेत आणि आर्मेचरवर तीन वेटोळी आहेत. प्रत्येक पट्टीला शेजारच्या दोन वेटोळ्यांची टोके जोडलेली असतात, म्हणजे तिन्ही वेटोळी त्रिकोणात जोडलेली आहेत. ब्रश बाजूला करून मल्टिमीटरने पट्टी १ आणि २, मग २ आणि ३, मग ३ आणि १ यांच्यामधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर आर्मेचर निरोगी आहे. एखादे वेटोळे तुटले असेल तर दोन आकडे सारखे येतील आणि तिसरा बरोबर त्यांच्या दुप्पट येईल, कारण त्या जोडीपुरता थेट मार्ग बंद होऊन वीज उरलेल्या दोन वेटोळ्यांतून वळसा घालून जाते. एखादे वेटोळे आतल्या आत शॉर्ट झाले असेल तर एक आकडा शून्याजवळ येईल. याखेरीज प्रत्येक पट्टी आणि मधला दांडा यांच्यात मीटरने काहीही जोडणी दाखवता कामा नये.

हे सर्व आर्मेचर बाहेर न काढता करता येते आणि तसेच करा. जुन्या धातूच्या चुंबकांच्या बाबतीत आर्मेचर बाहेर काढताच चुंबकीय मार्ग उघडा पडतो आणि चुंबकाची शक्ती कायमची उतरते. काढणे अटळ झाले तर आधी चुंबकाच्या दोन्ही टोकांवर जाड लोखंडी पट्टी टेकवून मगच काढावे.

मोजण्यापूर्वी साफसफाई करा. कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पट्ट्यांमधल्या फटीत साचलेला कार्बन लाकडी दातकोरणीने हलकेच काढा. तिथे सॅण्डपेपर लावू नये, त्याचे चरे नव्या कार्बनला खाऊन टाकतात. अल्कोहोल बॉडीच्या रंगावर आणि क्रमांकांवर जाऊ देऊ नका. अ‍ॅसिटोन तर घरातच ठेवू नका असे मी म्हणेन, कारण प्लास्टिकची बॉडी त्यात विरघळते.

डबाजोड

रूळकरी यांच्या मोजमापाशी मी सहमत आहे, परंतु निष्कर्षाबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. मी स्वतः अशा पाच मोटरी काढून त्यांच्या जागी बंद डब्यासारखी लहान मोटर बसवली आहे. पाच ध्रुवांची, फार कमी वीज खाणारी, संथ चालणारी मोटर हल्ली सहज मिळते, आणि जुन्या चौकटीत बसणारे आधार लोक थ्रीडी प्रिंटरवर छापून विकतात. डिजिटल करायचे असेल तर तीच वाट सर्वांत सरळ आहे, कारण नव्या मोटरचे दोन्ही तारटोक चौकटीपासून वेगळे असतात, डीकोडरला, म्हणजे इंजिनात बसवून आज्ञा ओळखणाऱ्या छोट्या सर्किटला, ते आवश्यक असते.

एक्स ०४ मध्ये तसे नसते, ही महत्त्वाची गोष्ट आहे. या इंजिनाच्या एका बाजूची चाके धातूने थेट चौकटीशी जोडलेली आहेत, दुसऱ्या बाजूची चाके इन्सुलेट केलेली असून त्यांना पितळी पट्टी घासते. म्हणजे संपूर्ण चौकट एका रुळाच्या विजेवर असते आणि एक ब्रश चौकटीलाच टेकलेला असतो. असे इंजिन डीकोडरशिवाय डिजिटल रुळावर ठेवले तर ते जागीच गुणगुणते आणि उभ्या उभ्या तापते. मुलाला हे जरूर सांगा, कारण असे प्रयोग मुले आपल्या पाठीमागे हमखास करतात.

चालण्याच्या गुणवत्तेपुरते बोलायचे तर तीन ध्रुवांची जुनी मोटर कितीही चांगली झाली तरी सांध्यावरून मुंगीच्या चालीने जाणार नाही. मग त्या मोटरवर मेहनत कशाला, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

माळ्यावरचा

डबाजोड यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ही मेहनत फारशी नाही, आणि मोटर काढल्यावर इंजिनाचे आतले वजन, आवाज आणि हलणारी चाल यांतले काहीच उरत नाही. जिंटी ही लाखमोलाची वस्तू नाही, ती त्या काळी भरपूर बनली आणि आजही जुन्या खेळण्यांच्या बाजारात सहज मिळते. त्यामुळे किमतीच्या दृष्टीने 'हात लावू नका' असे मी म्हणणार नाही. परंतु बदल उलटवता येईल असा असावा, एवढेच. काढलेला प्रत्येक भाग एका डबीत ठेवा. चौकटीला भोक पाडू नका, बॉडीच्या आतल्या बाजूला फाइल मारू नका. बॉडी काढताना जोरही लावू नका, एवढ्या वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि बफर आणि पायऱ्या प्रथम तुटतात.

सांध्यांवर आपटण्याचे कारण मोटरशी संबंधित नाही. जुन्या ट्राय-अँग चाकांची कड, म्हणजे फ्लँज, आजच्या चाकांपेक्षा खूप खोल असते आणि दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतरही कमी असते. आजच्या ओओ मापात (या छोट्या गाड्यांच्या मापाचे नाव) ते साधारण १४.५ मिमी धरतात. जुन्या चाकांचे याहून कमी असल्यामुळे ती सांध्याच्या आडव्या संरक्षक रुळांवर चढतात आणि मधल्या टोकावर आपटतात. आपल्याकडचे हॉर्नबीचे रूळ कोड १०० चे आहेत, म्हणजे रुळाची उंची इंचाचा दहावा भाग आहे. त्यावर ही चाके निदान सरळ मार्गावर खाली स्लीपरांवर रूळ धरणाऱ्या पकडींना घासत नाहीत. कोड ७५ चे रूळ घेतले तर इंजिन तिथेही खडखडेल. चाके बाहेर सरकवून अंतर वाढवण्याचा सल्ला काही जण देतात. माझा अनुभव असा की ती दांड्यावरून एकदा सैल झाली की पुन्हा घट्ट बसत नाहीत आणि मग कनेक्टिंग रॉडचे कोन बिघडतात. त्यापेक्षा तो आवाज सहन करणे बरे.

चौकट मॅझॅक म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची आहे. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ती वर्षांनी फुगते आणि तडकते. तिच्यावर बारीक भेगा किंवा सरळ कडांना आलेला बाक दिसत नाही ना, हे एकदा तपासून घ्या. या इंजिनांत हा दोष फारसा आढळत नाही, पण तो असल्यास पुढचा सारा खर्च वाया जाईल.

मंजिरी_लेस्टर

सर्वांचे आभार. चौकट तपासली, भेगा नाहीत. ट्रान्सफॉर्मरची वायर काढून टाकून पेटी कपाटावर ठेवली आहे, आता तिच्यावर कुंडी आहे.

साफसफाई केल्यावर आकडे असे आले. १ आणि २ मध्ये १८ ओहम, २ आणि ३ मध्ये ३६ ओहम, ३ आणि १ मध्ये १८ ओहम. तीन वेळा मोजले, तरी तेच. पट्ट्या आणि दांडा यांच्यात काही जोडणी दिसत नाही. मीटरची टोके एकमेकांना टेकवल्यावर अर्ध्या ओहमपेक्षा कमी दाखवते, म्हणजे मीटर ठीक असावे. ३६ हा दुप्पटच आहे ना, मग एक वेटोळे गेले असे समजायचे का? आणि गेले असेल तर दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरते का?

रूळकरी

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, पण उपाय चुकीचा आहे. २ आणि ३ यांच्यामधले वेटोळे वाहत नाही, हे आकड्यांवरून स्पष्ट झाले. प्रत्येक वेटोळे १८ ओहमचे आहे. शाबूत त्रिकोणात कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये १८ ओहमचा एक मार्ग आणि ३६ ओहमचा वळशाचा मार्ग असे दोन मार्ग समांतर असतात, म्हणून १२ ओहम दिसायला हवे होते. आपल्याला ठरावीक जागी अडकणे, ढकलल्यावर चालणे आणि निळ्या ठिणग्या दिसल्या, त्यांचाही उगम हाच आहे. आर्मेचर जेव्हा त्या मृत वेटोळ्याच्या जागी थांबते तेव्हा फिरवणारे बळ अपुरे पडते.

पण वेटोळे आत तुटले आहे की टोकाशी, हे पाहायचे आहे. माझा अंदाज टोकाचा आहे. कम्युटेटरच्या ज्या बारीक कानांना तारा सोल्डर केलेल्या असतात, तिथे ही मोटर वर्षानुवर्षे थरथरते आणि तापते, त्यामुळे तार नेमकी सोल्डरच्या कडेलाच तुटते. भिंग घेऊन पट्टी २ आणि पट्टी ३ यांच्या कानांकडे पाहा. प्रत्येकाला दोन तारा यायला हव्यात. एखाद्या कानाला एकच असेल आणि दुसरी जवळच मोकळी लोंबत असेल तर काम सोपे आहे.

मोकळ्या तारेच्या टोकाचे एनॅमल सुरीच्या पात्याने दोन-तीन मिलिमीटर खरवडा, तांब्याचा रंग दिसेपर्यंत. एनॅमल राहिले तर सोल्डर वरून चिकटल्यासारखे दिसते, आत काहीच जोडले जात नाही. मग थोडा रोझिनचा फ्लक्स लावा. २५ वॉटच्या आयर्नचे टोक कानावर दोन सेकंदांहून जास्त ठेवू नका, कारण पट्ट्या ज्या प्लास्टिकवर बसवल्या आहेत ते उष्णतेने मऊ होऊन पट्टी हलते, आणि मग आर्मेचर खरोखरच गेले. एका प्रयत्नात नाही जमले तर थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा करा. सोल्डरचा थेंब पट्टीच्या घासणाऱ्या भागावर सांडता कामा नये. आपला हात सराईत नाही म्हणालात, म्हणून आधी रद्दीतल्या एखाद्या खेळण्याच्या मोटरवर दहा वेळा सराव करा.

हात लावलाच आहे तर ब्रशांकडेही पाहा. या मोटरमध्ये दोन्ही कार्बन दाबणारी स्प्रिंग एकच असते, हेअरपिनच्या आकाराची. तिचा एक पाय चौकटीशी जोडलेल्या ब्रशावर आणि दुसरा वेगळ्या ब्रशावर असतो, त्या दुसऱ्या पायावर इन्सुलेशनची छोटी नळी असते. ती नळी फाटली किंवा हरवली की सरळ शॉर्ट होते. नळी आणि ब्रश नवे मिळतात, ते काही महाग नसतात. शेवटी तेल. शिलाई मशीनचे तेल, सुईच्या टोकावर येईल एवढाच थेंब, दोन्ही बेअरिंगांना आणि चाकांच्या दांड्यांना. वर्म गियरला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गियरला, थोडे ग्रीस चालेल. कम्युटेटरवर तेल गेले तर साफसफाई पहिल्यापासून करावी लागेल.

मंजिरी_लेस्टर

पट्टी ३ च्या कानाला एकच तार होती. दुसरी मोकळी, खाली वाकलेली, केसाएवढी! दोन दिवस जुन्या मोटरवर सराव केला आणि तिसऱ्या दिवशी सोल्डर केले. पहिला प्रयत्न वाया गेला, दुसऱ्यात जमले. आता आकडे १२, १२ आणि साडेबारा येतात. नवे ब्रश आणि नळीही बसवली.

इंजिन ढकलावे न लागता सुटते, ठिणग्याही फारशा नाहीत. परंतु एक गोष्ट अजून खटकते. चाके हवेत धरून १२ व्होल्टवर चालवले तर ते भन्नाट वेगाने फिरते, आणि अँपिअर मोजले तर ०.६५ दाखवते. दोन डबे लावल्यावर मात्र वेग एकदम खाली येतो आणि पाच मिनिटांत पूर्वीसारखेच गरम होते. मोटर रिकामी असताना एवढी वेगवान आणि ओझे आले की दमलेली, असे का व्हावे?

रूळकरी

हे चुंबक दमल्याचे लक्षण आहे, आणि आपण ते अचूक पकडले आहे. चुंबक जितके कमजोर तितका आर्मेचर फिरताना निर्माण होणारा उलटा व्होल्टेज कमी, म्हणून पुरेसा उलटा व्होल्टेज येण्यासाठी मोटरला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि तोवर वीजही अधिक ओढली जाते. ओझे आले की कमजोर चुंबकामुळे फिरवणारे बळ पुरत नाही.

उष्णतेचा हिशेबही लगेच करता येतो. वेटोळ्यांतला रोध १२ ओहम, प्रवाह ०.६५ अँपिअर, म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, सुमारे ५ वॉट केवळ उष्णतेत जातात. अंगठ्याएवढ्या वस्तूत ५ वॉट म्हणजे ती तापणारच. चांगल्या चुंबकावर ही मोटर रिकामी असताना माझ्याकडे ०.३ अँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा तीच उष्णता सुमारे १ वॉटवर येते. बॉडी गरम का होत होती, हे पाहणाऱ्याने तिथेच विचारायला हवे होते, पण असो.

दोन वाटा आहेत. जुन्या चुंबकाला पुन्हा शक्ती भरून देणारे यंत्र असलेले लोक आहेत, मूळ चुंबक राखायचे असेल तर तीच वाट. दुसरी, त्याच्या जागी निओडिमियमचे चुंबक आणि भरीव लोखंडाचा ठोकळा असा संच बसवायचा. निओडिमियमची ताकद अफाट असल्याने मूळ एवढेच माप घेतले तर मोटर खूप घट्ट होते, कमी वेगात दात मोजल्यासारखी हिसके देत चालते, म्हणून लहान चुंबक आणि बाकी लोखंड असा संच असतो. बसवताना उत्तर-दक्षिण उलटे झाले तर इंजिन उलट दिशेने जाईल, एवढेच होईल. पण बोट मध्ये सापडू देऊ नका. मूळ चुंबक काढताना आर्मेचर काढू नका, चुंबकाच्या दोन्ही टोकांना जोडणारी लोखंडी पट्टी लावून ते डबीत ठेवा, म्हणजे माळ्यावरचा यांची अटही पाळली जाईल.

माळ्यावरचा

अट माझी नाही, वेळेची आहे. पण आभार.

डबाजोड

मोटर बारा ओहमवर आली, त्यामुळे डिजिटलबद्दल आता नेमके बोलता येते. इंजिन अडकून चाके थांबली तर १२ व्होल्ट भागिले १२ ओहम, म्हणजे १ अँपिअर वाहील. डिजिटल रुळावर व्होल्टेज थोडा जास्तच असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. म्हणून फक्त १ अँपिअरचा डीकोडर अपुरा आहे. सतत १ अँपिअर आणि थोडा वेळ दीड ते दोन अँपिअर झेपणारा घ्यावा. मी आधी नव्या मोटरचा आग्रह धरला होता, पण आपण चुंबक बदलणार असाल तर तो मागे घेतो, कारण प्रवाह कमी झाल्यावर या मोटरला डीकोडर लावण्यात अडचण राहत नाही.

युक्ती एकच आहे. रूळकरी यांनी सांगितलेल्या त्या स्प्रिंगच्या दुसऱ्या पायावर जशी नळी आहे, तशीच पहिल्या पायावरही चढवायची, म्हणजे दोन्ही ब्रश चौकटीपासून वेगळे होतात. मग मीटरने प्रत्येक ब्रश आणि चौकट यांच्यात काहीही जोडणी नाही हे पाहायचे. ही तपासणी केल्याशिवाय डीकोडर जोडू नका, एका क्षणात तो जातो आणि त्याचा वास महिनाभर खोलीत राहतो. दोन ब्रशांना नारिंगी आणि राखाडी तार, उजव्या रुळाच्या बाजूला लाल, डाव्या रुळाच्या बाजूला काळी, हे रंग बहुतेक डीकोडरांत ठरलेले आहेत. मोटरवर जुना कंडेन्सर असेल तर तो काढावा, डीकोडरच्या ठोक्यांना तो आडवा येतो. पुढे प्रोग्रामिंगमध्ये इंजिनाचा पत्ता (त्याला हाक मारण्याचा क्रमांक) बदलताना डीकोडरच्या सीव्ही १ या सेटिंगमध्ये मूळ ३ असेल. भार पाहून वेग राखणारी सोय असल्यास ती आधी बंद करून चालवा, तीन ध्रुवांच्या जुन्या मोटरला ती कधी कधी गुरगुरायला लावते.

चाकांवरून वीज उचलण्याचे काम अजून एका बाजूने चौकटीच्या बेअरिंगांतून चालते. तिथे तेल साचले की जोडणी अधूनमधून तुटते. शक्य असल्यास त्या बाजूलाही फॉस्फर ब्राँझच्या तारेचे बारीक हात लावा, चिकटवलेले, भोक न पाडता.

मंजिरी_लेस्टर

उशिरा लिहीत आहे, मुलाची परीक्षा होती. निओडिमियमचा संच बसवला. पहिल्यांदा उलटा बसला, इंजिन मागे गेले, मुलगा खूप हसला. आता १२ व्होल्टवर रिकामे असताना ०.३१ अँपिअर दाखवते, तीन डब्यांसह वीस मिनिटे चालवून बॉडीला हात लावला तर फक्त कोमट लागते. दोन्ही ब्रशांना नळ्या घातल्या, मीटरने तपासले आणि मगच डीकोडर जोडला. सर्वांत मंद वेगात किंचित हिसके आहेत, ते डबाजोड यांनी सांगितल्याप्रमाणे भार राखणारी सोय बंद केल्यावर कमी झाले.

काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी फक्त एवढेच विचारले की सांध्यावरचा टक् टक् आवाज अजून येतो का. येतो असे सांगितल्यावर म्हणाले, तो दुरुस्त करू नकोस, तेव्हाही असाच यायचा.

मूळ चुंबक, लोखंडी पट्टी, जुने ब्रश आणि फाटकी नळी, सारे बिस्किटांच्या त्याच डब्यात ठेवले आहे, वर चिठ्ठी लावून.

रूळकरी

त्या चिठ्ठीवर चुंबकाची कोणती बाजू कोणीकडे होती, तेही लिहून ठेवा.